तो मळ नव्हता

मागच्या दिवाळीतली पहिली अंघोळ. बाहेर अजून अंधार, खाली सोसायटीत फटाक्यांना सुरुवात झालेली, आणि मी लेकाच्या मानेला उटणं चोळत होते. "आई, हळू ना, आग होतेय," तो म्हणाला. मी म्हटलं, "जरा कळ काढ. किती मळ बसलाय बघ. स्वतः अंघोळ करतोस तेव्हा मान घासतोस की नाही?"

मानेमागे, शर्टाची कॉलर टेकते तिथे, काळसर पट्टा पडला होता. आमच्याकडे त्याच्यावर सगळे प्रयोग झाले होते. डाळीचं पीठ आणि साय, लिंबाची फोड, घोसाळ्याची वाळवलेली जाळी. सासूबाईंनी एकदा पाय घासायची वज्रीसुद्धा काढली होती. तो दर वेळी खांदे आखडून उभा राहायचा. अकरा वर्षांचा मुलगा, पाठमोरा, आणि आम्ही दोघी बायका त्याची मान घासतोय.

पुढे महिन्याभरात त्यानं केस कापायला जाणं टाळायला सुरुवात केली. आज पोट दुखतंय, उद्या गृहपाठ आहे. मला वाटलं, केस वाढवायचं खूळ डोक्यात शिरलं असेल. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं ते वय असतं. खरं कारण खूप नंतर कळलं. दुकानात मशीन फिरवताना कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं, "काय रे, मान धूत नाहीस का?" बाकावर त्याच्याच शाळेतली दोन मुलं बसली होती.

हे त्यानं मला सांगितलं नाही, कारण घरीही मी तेच म्हणत होते.

डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते खोकल्यासाठी. बाईंनी स्टेथोस्कोप पाठीवर ठेवायला कॉलर मागे केली आणि थांबल्या. बोट फिरवून पाहिलं, काख पाहिली. मी घाईघाईनं सांगू लागले, की अहो, कितीही घासलं तरी निघत नाही. तोही खाली मान घालून म्हणाला, "मी रोज घासतो." त्या म्हणाल्या, "अरे, घासून कसा निघेल? हा मळ नाहीच."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. असे प्रसंग प्रत्येक घरात घडतात हे मला माहीत आहे, आपण कुणी मुद्दाम करत नाही. तरी ती नजर मी अजून विसरलेले नाही, आणि तुमच्याशी आज बोलायला बसले ती तिच्यामुळेच.

त्या काळसर, जरा जाड आणि मखमलीसारख्या लागणाऱ्या कातडीला डॉक्टर अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट समजायला सोपी आहे. जेवणातून आलेली साखर पेशींच्या आत पोचवण्याचं काम इन्शुलिन करतं. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठत गेली की पेशी इन्शुलिनचं ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन बनवतं, मग आणखी. हे वाढलेलं इन्शुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. मान, काख, जांघ अशा घडीच्या जागी कातडी जाड आणि काळी होते. क्वचित दुसरंही कारण असतं, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं. पण वजन वाढलेल्या मुलाच्या मानेवरचा असा पट्टा बहुतेक वेळा हेच सांगत असतो, की आत स्वादुपिंड जादा पाळी करतंय.

आणि या काळात रक्तातली साखर बहुधा नॉर्मलच येते! आमचीही आली. उपाशीपोटी ९२. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर बाई म्हणाल्या, "साखर ताब्यात आहे, कारण इन्शुलिन दुप्पट राबतंय. ते दमायच्या आत आपण काहीतरी करू. वेळ हातात आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे." यकृताच्या तपासणीतला एक आकडा मात्र थोडा वर होता.

तुम्हाला खरं सांगते, "मधुमेह" हा शब्द ऐकला की माझ्या पोटात खड्डा पडतो. माझ्या वडिलांना पंचेचाळिशीत शुगर निघाली. बाबा शिक्षक, शिडशिडीत, शाळेत सायकलनं जाणारे. जाड माणसांचा आजार असं आम्ही समजत होतो, म्हणून लक्षणांकडे कुणी पाहिलंच नाही. पुढे त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. त्या ड्रेसिंगचा वास आणि बाबांचं भिंतीकडे तोंड करून पडणं मी पाहिलेलं आहे. ती सगळी भीती मनात घेऊन मी माझ्या मुलाच्या ताटाकडे बघत होते. त्याला बाबांच्या अंगठ्याबद्दल काय माहीत? त्याला एवढंच दिसत होतं, की तिसरी पोळी घेताना आईचा चेहरा बदलतो.

शिडशिडीत माणसाला मधुमेह कसा, याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच जगाला मिळालं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, स्नायू तर फारच कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकलेली. वरून बारीक, आतून चरबीदार.

याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. तो फोटो बघताना मला बाबा आठवले. म्हणूनच आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी २३ च्या पुढे वजन जादा धरतात, पाश्चात्त्यांसारखी २५ ची वाट पाहत नाहीत. आणि म्हणूनच घरातल्या बारीक पोराबद्दलही "याला काय होतंय" म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

माझा लेक जन्मला तेव्हा २.६ किलोचा होता. दवाखान्यात बघायला आलेल्या प्रत्येकानं "जीव केवढासा" म्हटलं, आणि ते सासूबाईंच्या फार जिव्हारी लागलं. मग सुरू झालं ते भरून काढणं. तुपाचा मऊ भात, खीर, डिंकाचे लाडू माझ्यासाठी आणि माझ्यातून त्याच्यासाठी. दोन वर्षांचा होईपर्यंत त्यानं छान बाळसं धरलं. गालाला खळ्या, मनगटाला वळ्या. पाहुणे म्हणायचे, "खात्यापित्या घरचा दिसतो हो!" त्या वाक्यानं आम्हाला किती बरं वाटायचं.

सासूबाईंना मी दोष देत नाही, आणि तुम्हीही तुमच्या घरातल्या आजीला देऊ नका. ज्या पिढीनं लेकरं अशक्तपणानं दगावलेली पाहिली, तिला भरलेला गाल म्हणजे वाचलेलं मूल वाटणारच. फक्त आज आपल्याला एक जास्तीची गोष्ट ठाऊक आहे. जन्माला लहान असलेलं मूल दोन-तीन वर्षांनंतर भराभर वजनात वाढत गेलं, तर मोठेपणी मधुमेहाची शक्यता वाढते. दिल्लीत जन्मलेल्या मुलांना मोठेपणापर्यंत पाहत राहिलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. म्हणून उंची-वजनाचा तक्ता बालवाडीनंतर कपाटात ठेवून द्यायचा नसतो. लसी संपल्या की आपण डॉक्टरांकडे फक्त तापासाठी जातो. मीही तेच केलं. पाच वर्षांत त्याची उंची मी फक्त दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मोजली होती, वजन तर नाहीच.

बाईंनी त्या दिवशी उंची घेतली, वजन घेतलं, रक्तदाब पाहिला आणि शिंपी घेतात तशी टेपनं कंबर मोजली. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढं सोपं माप त्यांनी सांगितलं. हे घरीही करता येतं, आणि फक्त मुलांचं नाही, आपलंही. त्याची उंची १४६ सेंटिमीटर होती आणि कंबर ७८.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला गरोदरपणात शुगर होती का?"

होती. सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन तपासली होती, तेव्हा निघाली. पथ्यावर राहिली. बाळंतपण झाल्यावर दीड महिन्यानं पुन्हा तपासा, असं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद कुठे गेला देवाला माहीत. बाळाला पोटदुखी, मला झोप नाही, मग रजा संपली आणि बँक सुरू झाली. अकरा वर्षं मी ती तपासणी केलीच नव्हती. ज्या बाईला गरोदरपणात शुगर झाली तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि तिच्या मुलालाही जपावं लागतं. हे मला कुणीतरी सांगितलंही असेल. पण ओल्या बाळंतिणीच्या कानात त्या दिवसांत काय शिरतं?

ही ओळ वाचणाऱ्या एखादीलाही तसाच कागद आठवत असेल. उशीर झाला म्हणून लाजू नका. आता जा.

डॉक्टरांकडून आल्यावर पुढचे दोन-तीन महिने मात्र आमच्या घरात मी जे केलं, ते करू नका असं हात जोडून सांगावंसं वाटतं. मी एका रात्रीत घरातली बिस्किटं, फरसाण, खारी, वेफर्स सगळं फडताळातून काढलं. म्हणजे त्याच्यापुरतं काढलं. धाकटीला डब्यात चॉकलेट मिळत होतं, कारण ती बारीक. नवऱ्याचा रात्रीचा चिवडा चालूच होता. फक्त लेकाला "तुला नाही". रविवारी सकाळी त्याला काट्यावर उभं करायचे आणि आकडा वहीत लिहायचे. लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले, "जिलबी नको रे, माहितीये ना डॉक्टर काय म्हणाल्या?" पंगतीत शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? आणि मी सांगितलंसुद्धा.

मग गादी उन्हात घालताना खाली बिस्किटांच्या पुड्यांचे अकरा कागद सापडले. चपटे करून, नीट एकावर एक ठेवलेले.

मी ओरडले नाही, एवढंच त्या दिवशी बरोबर केलं. कागद हातात घेऊन बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पाहिलं. म्हणाला, "आई, मला भूक नसते. पण आता परत मिळणार नाही असं वाटतं, म्हणून खातो." मोठमोठ्या पुस्तकांतून जे सांगतात ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. चोरून खाणारं मूल हावरट नसतं. ते घाबरलेलं असतं.

कागद घेऊन मी एकटीच बाईंकडे गेले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, की वजनकाटा माळ्यावर टाका. "तो वाढीच्या वयात आहे. त्याचं वजन कमी करायचंच नाहीये. ते आहे तिथे जरा रेंगाळू द्या, उंची त्याला गाठेल." मला हे ठाऊकच नव्हतं. आपण मोठ्यांचं डाएट मुलांना लावतो आणि तिथे चुकतो. आमच्याकडे सासऱ्यांनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवण, ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, हे काही वर्षं मनापासून केलं, आणि त्यामुळे ते चालायला लागले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ते वाढत्या पोराला लावायचा विचार माझ्या मनात आला होता, त्यावर बाईंनी साफ नाही म्हटलं.

दुसरी गोष्ट, नियम घराला लावा, मुलाला नाही. फडताळात जे नको ते कुणासाठीच नको. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण त्यात नवऱ्याचा चिवडा आला, सासूबाईंची खारी आली आणि माझा बँकेतून दमून आल्यावरचा गोड चहा आणि चार बिस्किटंही आली. आपण दिवसभर मरमर करतो, तो एक कप आपला विसावा असतो. तो सोडायला मला किती दिवस लागले हे पाहिल्यावर अकरा वर्षांच्या मुलाकडून आठवड्यात काय काय मागत होते ते कळलं.

फार मोठं काही केलं नाही. आपल्या ताटाची मांडणी आजीनंच शिकवलेली आहे, डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी. फक्त चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर झाली. पोळी-भाजीच्या डब्यात रोज काहीतरी उसळ यायला लागली, मटकी, मूग, चवळी, नाहीतर उकडलेलं अंडं. प्रथिनं असली की पोट भरलेलं राहतं, आणि आपल्या बारीक स्नायूंच्या मुलांना ती हवीच असतात. दाणे, फुटाणे, काकडी हाताशी ठेवली. शाळेतून आल्याबरोबर मुलाला जी आग लागल्यासारखी भूक असते, तेव्हा समोर जे असेल ते जातं. समोर थालीपीठ असेल तर थालीपीठ जातं. माझी अडचण अशी, की पाच वाजता मी घरी नसते. मग सकाळीच पीठ मळून ठेवायचं आणि आजीनं थापायचं, असं ठरलं. आजींना ते आवडलं. काढून घेण्याऐवजी द्यायला काहीतरी मिळालं.

दिवाळीचा फराळ होतो. आंब्याच्या दिवसांत आमरस होतो. गणपतीत मोदकही होतात, आणि तो दोन खातो, सगळ्यांसारखे. सण त्याच्या हातून काढून घ्यायचा नाही हे मी ठरवून टाकलंय. काढायचं होतं ते रोजचं, नकळतचं. बाटलीतलं गोड थंड पेय १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर देतं. पाव लिटरची बाटली म्हणजे पाच-सहा चमचे. चहात आपण सहा चमचे घातले तर कुणी तोंडात धरणार नाही, पण थंडगार बुडबुड्यांतून ते सहज जातं. त्याच्या शाळेत आता कशात किती साखर असते हे सांगणारा फलक लावलाय. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना तसं सांगितलं. तो घरी येऊन बाटल्यांमागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचतो. मी सांगितलं असतं तर तो उपदेश झाला असता.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र झाला तो जुन्याच गोष्टीचा. रात्री जेवण झालं की शतपावली. माझ्या माहेरी आजोबा अंगणात घालायचे, आम्ही हसायचो. स्नायू हलायला लागले की ते रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्शुलिनची वाट फारशी पाहावी लागत नाही. जेवणानंतरची पंधरा मिनिटं म्हणूनच मोलाची. मुलांना दिवसातून तासभर दमणं हवं हे खरंच, पण क्लास, शाळा, ट्रॅफिक यांत तो तास रोज सापडत नाही, हे मी तुम्हाला काय सांगू. पंधरा मिनिटं सापडतात. मोबाइल घरी ठेवून आम्ही सोसायटीला चार फेऱ्या मारतो. त्या अंधारात, शेजारी चालताना, तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून की काय, तो बोलतो. केस कापायच्या दुकानातली गोष्ट मला तिथेच कळली.

झोपेचं मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणी वजनाशी जोडत नाही. या वयाला नऊ तास तरी हवेत. झोप तुटली की भूक वाढवणारं हार्मोन चढतं, पोट भरल्याचं सांगणारं उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी पोर गोड शोधत फिरतं. आमच्याकडे दिवे साडेअकराला मालवायचे, कारण आम्ही दोघं तेव्हा मोकळे व्हायचो आणि मुलांशी बोलायला तीच वेळ मिळायची. ती वेळ आता शतपावलीनं घेतली. दहाला दिवे बंद. रोज जमत नाही. आठवड्यातून चार दिवस जमतं.

औषधांचं विचाराल, कारण सगळेच विचारतात. आमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी वजन उतरवणाऱ्या आठवडी इंजेक्शनबद्दल टाकलं आणि दिवसभर तोच विषय चालला. मी बाईंना विचारलंच. अमेरिकेत २०२२ च्या शेवटी सेमाग्लुटाइडला बारा वर्षांवरच्या लठ्ठ मुलांसाठी परवानगी मिळाली, हे खरं आहे. ती औषधं भूक कमी करतात, पोट हळू रिकामं होऊ देतात, मळमळ-उलट्या होऊ शकतात आणि बंद केली की वजन बहुधा परत येतं. टाइप २ मधुमेह झालेल्या दहा वर्षांवरच्या मुलांना मेटफॉर्मिन देतात. काही मुलांना औषधाची खरोखर गरज असते, आणि ते घ्यावं लागलं म्हणून त्या मुलाचं किंवा त्याच्या आईचं काही चुकलेलं नसतं. माझ्या मुलाला आज गरज नाही, एवढंच त्या म्हणाल्या. हे ठरवणं मुलांच्या डॉक्टरांचं काम, ग्रुपचं नाही.

मोठ्यांवर झालेले दोन अभ्यास त्यांनी मला सांगितले, ते मी स्वतःसाठी लक्षात ठेवलेत. अमेरिकेत २००२ मध्ये दिसलं, की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ध्येय धरलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर तसंच करून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. काहीच न केलेल्या शंभरांतल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. चालणं-खाणं बदललेल्यांत ३९ जणांना. गोळीनंही जवळपास तेवढाच फायदा झाला, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही मिळालं नाही. आपल्याकडे लढाई जरा अवघड आहे हे त्यातून दिसतं. पण शंभरांतली ती सोळा माणसं माझ्या डोळ्यांसमोर येतात. सोळा घरं, सोळा पायाचे अंगठे.

मध्येच एक सांगून टाकते, फार महत्त्वाचं आहे. मुलाला अचानक खूप तहान लागायला लागली, सारखी लघवी होऊ लागली, बंद झालेलं गादी ओली करणं परत सुरू झालं, वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो टाइप १ मधुमेह असू शकतो आणि त्यात थांबायला वेळ नसतो. तो गोड खाल्ल्यानं होत नाही, वजनानं होत नाही, कुणाच्या चुकीनं होत नाही. धाकटीच्या वर्गात एक चिमुरडी आहे, डब्याआधी इन्शुलिन घेते. तिच्या आईला भेटेल तो विचारतो, "खूप चॉकलेटं खायची का हो?" तेवढं आपण कुणी विचारायला नको.

जाड, गोलू, ढोल्या, हे शब्द आमच्या घरातून गेलेत. लाडानं म्हटलेलेही. मामानं म्हटलं तर मामाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला थोडं वाईट वाटलं, पण मुलाला रोज वाटत होतं त्यापेक्षा कमीच वाटलं असेल.

लेकाची मान अजून पूर्ण निवळलेली नाही. वेळ लागतो. दहा महिन्यांनी उंची १५१ झाली, वजन एकच किलो वाढलं, कंबर ७५ वर आली. उंचीच्या निम्म्याच्या जराशी आत. यकृताचा आकडा उतरला. दुकान बदलून त्यानं केस कापून घेतले. आरशात मान दिसत नाही म्हणून मला मोबाइलवर फोटो काढायला सांगतो आणि मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघतो.

माझी तपासणी मात्र मी पुढे ढकलत राहिले. मार्च एंड, मग धाकटीची परीक्षा, मग पाहुणे. शेवटी त्यानंच एकदा शतपावली घालताना विचारलं, "तुझी झाली का गं टेस्ट?" उपाशीपोटीची साखर १०८ आली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. बाई म्हणाल्या, ग्लुकोज पिऊनही एकदा बघू.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये गेले. शाळेला सुट्टी होती, तो माझ्याबरोबर आला. दोन तास बसायचं असतं. त्यानं पिशवीत माझ्यासाठी नंतरचं थालीपीठ आणलं होतं, आजीकडून मागून घेऊन. मी ते ग्लुकोजचं पाणी नाक दाबून प्यायले. त्यानं ग्लास हातात घेऊन वास घेतला.

"मी पोटात होतो तेव्हा हेच प्यायली होतीस?"

"हेच."

थोडा वेळ तो समोरच्या घड्याळाकडे बघत बसला. मग माझ्या खांद्याला टेकून म्हणाला, "मग मलापण लागलं असेल तेव्हा गोड."